ओपन सोर्स सॉफ्टवेअर फुकट मिळतं, मग त्याच्या सर्व्हरचं बिल कोण भरतं?

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात कॉर्व्हॅलिस नावाचं एक छोटं शहर आहे. तिथल्या ओरेगॉन स्टेट युनिव्हर्सिटीच्या 'ओपन सोर्स लॅब'ने ३० एप्रिल २०२५ रोजी एक निवेदन काढलं. अडीच लाख डॉलर, म्हणजे साधारण दोन कोटी रुपयांच्या निधीची हमी मिळाली नाही, तर लॅब याच वर्षात बंद करावी लागेल, असं त्यात लिहिलं होतं. हाताशी होते जेमतेम दोन आठवडे.

बातमी तंत्रज्ञानाच्या वर्तुळाबाहेर फारशी पोहोचली नाही. पण ज्यांना या लॅबचं काम माहीत होतं, त्यांना धक्का बसला. कारण डेबियन, फेडोरा, जेंटू अशा लिनक्सच्या आवृत्त्यांपासून दीडशेहून अधिक ओपन सोर्स प्रकल्पांचं काही ना काही या लॅबच्या सर्व्हरवर होतं. कुणाच्या फाइली तिथून डाउनलोड होत होत्या, कुणाची वेबसाइट तिथे होती, तर कुणाच्या सॉफ्टवेअरची चाचणी तिथल्या मशीनवर होत होती. आणि हे सगळं मोफत.

ओपन सोर्स सॉफ्टवेअर फुकट असतं, हे बहुतेकांना माहीत असतं. ते लोकांपर्यंत पोहोचवणारी यंत्रणा मात्र फुकट नसते. त्या यंत्रणेचा खर्च कोण करतं, आणि खर्च करणाऱ्याने हात आखडता घेतला तर काय होतं?

फुकट काय आणि विकत काय?

ओपन सोर्स म्हणजे ज्या सॉफ्टवेअरचा मूळ कोड सर्वांसाठी खुला असतो, ज्यात कुणीही बदल करू शकतं आणि ज्याची प्रत कुणालाही देऊ शकतं. लग्नाचा व्हिडिओ बघायला वापरलं जाणारं व्हीएलसी, फायरफॉक्स ब्राउझर, शाळेची वेबसाइट ज्यावर चालते ते वर्डप्रेस ही त्याची ओळखीची उदाहरणं. अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्स कर्नल असतं, तेही ओपन सोर्सच. बँका, विमान कंपन्या, सरकारी पोर्टल या सगळ्यांच्या पडद्यामागे असे शेकडो प्रकल्प असतात.

कोड खुला ठेवायला परवाना पुरतो. तो जगभर पोहोचवायला मात्र सर्व्हर लागतो. सर्व्हरला वीज लागते, थंडावा लागतो, इंटरनेट लागतं, आणि रात्री तीन वाजता तो बंद पडला तर उठून बघणारा माणूस लागतो. रस्त्यावरच्या पाणपोईसारखंच आहे हे. पाण्याचे पैसे कुणी घेत नाही, पण माठ रोज कुणीतरी भरतंच.

या यंत्रणेत नेमकं काय काय येतं, हे एखाद्या दुरुस्तीचा प्रवास पाहिला की कळतं. समजा, जर्मनीतल्या एका प्रोग्रॅमरने एखाद्या सॉफ्टवेअरमधली चूक सुधारली. तो आपला बदल प्रकल्पाच्या रेपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या सामाईक कोठारात पाठवतो. बदल आला की काही कॉम्प्युटर आपोआप कामाला लागतात. ते सॉफ्टवेअर नव्याने तयार करून बघतात आणि त्यावर शेकडो चाचण्या चालवतात. एक बदल, मग चाचण्या. पुन्हा बदल, पुन्हा चाचण्या. याला 'सीआय' म्हणतात, आणि खर्चाच्या बाबतीत हा पांढरा हत्ती आहे. चाचण्या पार पडल्या की तयार सॉफ्टवेअरचं पॅकेज बनतं. ते पॅकेज मुख्य सर्व्हरवरून जगभरच्या 'मिरर'वर, म्हणजे हुबेहूब प्रती ठेवणाऱ्या इतर सर्व्हरवर जातं. पुण्यातल्या एखाद्या विद्यार्थ्याने लॅपटॉपवर 'अपडेट' दाबलं, की त्यातल्याच एखाद्या मिररवरून फाइल त्याच्याकडे येते.

यातल्या प्रत्येक टप्प्याला कुणाचं तरी मशीन राबतं. प्रोग्रॅमर स्वतःचा वेळ दान करू शकतो, पण डेटा सेंटरचं वीजबिल तसं भागत नाही.

एका विद्यापीठाच्या तळघरातून

कॉर्व्हॅलिसची लॅब २००३ च्या सुमारास सुरू झाली. कल्पना साधी होती. विद्यापीठाकडे वेगवान इंटरनेट आहे, जागा आहे, सर्व्हर सांभाळायला शिकू पाहणारे विद्यार्थी आहेत. प्रकल्पांकडे यातलं काहीच नाही. मग दोघांची सांगड का घालू नये?

ही सांगड किती मोलाची ठरू शकते, हे २००५ मध्ये दिसलं. ड्रूपल हे वेबसाइट बनवण्याचं सॉफ्टवेअर तेव्हा नुकतंच लोकप्रिय होत होतं. त्याचे निर्माते ड्रीस बॉयटार्ट बेल्जियममध्ये शिकत होते. लोकांची गर्दी वाढली आणि ड्रूपलच्या वेबसाइटचा सर्व्हर कोलमडला. बॉयटार्ट यांनी साइटच्या जागी एक साधं पान टाकलं आणि नव्या सर्व्हरसाठी ३,००० डॉलरची मदत मागितली. एका दिवसात १०,००० डॉलर जमले. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने एक दणकट सर्व्हर भेट दिला. आता प्रश्न होता, तो ठेवायचा कुठे आणि त्याच्या इंटरनेटचं काय? ते काम ओरेगॉनच्या लॅबने उचललं. पुढे लाखो वेबसाइट ज्या ड्रूपलवर उभ्या राहिल्या, त्याचं घर अनेक वर्षं तिथेच होतं.

फायरफॉक्सच्या सुरुवातीच्या दिवसांत डाउनलोडचा भार याच लॅबने पेलला. अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनची मशीन तिथे होती. लिनक्स कर्नल जिथून वितरित होतं, त्या कर्नल डॉट ऑर्गचे काही सर्व्हरही तिथे होते.

लॅबचा दुसरा फायदा कागदावर कमी दिसतो. पूर्णवेळ कर्मचारी मोजके. बरंचसं काम पदवीचे विद्यार्थी करतात. एखाद्या विद्यार्थ्याच्या चुकीने सर्व्हर बंद पडला तर जगभरातून तक्रारी येतात, त्यामुळे शिकणं खरंखुरं होतं. इथे तयार झालेल्या विद्यार्थ्यांची संख्या शंभराच्या वर आहे. त्यांच्यातलाच एक, ॲलेक्स पोल्वी, पुढे कोअरओएस या कंपनीचा सहसंस्थापक झाला. २०१८ मध्ये रेड हॅटने ही कंपनी २५ कोटी डॉलरना विकत घेतली. लॅबला २०२५ मध्ये बंद होण्यापासून वाचायला जी रक्कम हवी होती, ती याच्या एक हजारावा भाग होती.

मग पैसे का आटले? लॅबचे संचालक लान्स अल्बर्टसन २००७ पासून तिथे आहेत. त्यांनी निवेदनात कारण स्पष्ट लिहिलं. कंपन्यांकडून येणाऱ्या देणग्या गेली काही वर्षं घटत होत्या. तूट विद्यापीठाचं अभियांत्रिकी महाविद्यालय भरून काढत होतं. आता विद्यापीठाच्याच निधीला कात्री लागली होती, त्यामुळे हा खर्च पुढे चालवणं महाविद्यालयाला शक्य नव्हतं.

कंपन्या पैसे का देतात, आणि का थांबवतात?

विद्यापीठांनंतर दुसरा मोठा आधार कंपन्यांचा. त्या सहसा रोख रक्कम देत नाहीत. आपल्याच सेवेचं 'क्रेडिट' देतात. म्हणजे क्लाउड कंपनी म्हणते, आमचे सर्व्हर वापरा, बिल येईल, पण ते आम्हीच माफ करू. दोघांचंही भलं होतं. प्रकल्पाला मशीन मिळतात, कंपनीचं नाव प्रकल्पाच्या पानावर झळकतं आणि हजारो प्रोग्रॅमरना त्या कंपनीच्या सेवेची सवय लागते. पायथन भाषेची पॅकेजं जिथून डाउनलोड होतात, त्या पायपीआयचा डेटा पोहोचवायचं काम फास्टली ही कंपनी असंच मोफत करते.

पण क्रेडिट संपलं की काय होतं, याचा अनुभव फ्रीडेस्कटॉप डॉट ऑर्ग या प्रकल्पाइतका क्वचितच कुणाला आला असेल.

नाव फारसं ओळखीचं नसलं तरी लिनक्सच्या पडद्यावर जे काही दिसतं, त्यातलं बरंचसं इथे घडतं. चित्र उमटवणारं मेसा, खिडक्या सांभाळणारं वेलँड, त्याआधीचं एक्स ही सगळी कामं या एका ठिकाणी चालतात. फेब्रुवारी २०२० मध्ये खर्चाची जबाबदारी असलेल्या एक्स डॉट ऑर्ग फाउंडेशनने हिशेब मांडला, तेव्हा पुढच्या बारा महिन्यांचा होस्टिंग खर्च ७५,००० डॉलरच्या घरात जाणार होता. त्या वेळच्या दराने पन्नास लाख रुपयांहून अधिक. त्यात ३०,००० डॉलर एकट्या सीआयचे. एवढी रक्कम फाउंडेशनला झेपणारी नव्हती. नवे प्रायोजक मिळाले नाहीत तर येत्या काही महिन्यांत सीआय बंद करावं लागेल, असं मंडळाने सदस्यांना कळवलं.

गंमत म्हणजे, खर्च वाढायचं कारण प्रकल्पाचं यश होतं. सोय चांगली झाली म्हणून जास्त लोक आले, त्यांनी जास्त चाचण्या चालवल्या, आणि क्लाउड कंपन्या डेटा बाहेर नेण्याचे पैसे लावत असल्याने बिल फुगत गेलं. प्रोग्रॅमरनी बसून अनावश्यक डाउनलोड कमी केले, चाचण्यांची काटछाट केली. पुढे इक्विनिक्स या डेटा सेंटर कंपनीने मशीन मोफत दिली आणि प्रश्न मिटला.

निदान तसं वाटलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये इक्विनिक्सने आपली ही सर्व्हर भाड्याने देणारी सेवाच गुंडाळायचं ठरवलं. जानेवारी २०२५ मध्ये फ्रीडेस्कटॉपला निरोप मिळाला, एप्रिलअखेर जागा सोडा. अल्पाइन लिनक्सवरही नेमकी हीच वेळ आली. अल्पाइन म्हणजे कंटेनर तंत्रज्ञान वापरणाऱ्या कंपन्यांमध्ये सर्रास दिसणारी, आकाराने चिमुकली लिनक्स आवृत्ती. तिचे मुख्य मिरर आणि चाचणीची मशीन तिथे होती.

यात इक्विनिक्सला दोष देण्यासारखं फारसं काही नाही. कंपनीने वर्षानुवर्षं मोफत दिलं आणि धंदा बंद करताना मुदतही दिली. अडचण मदतीच्या स्वरूपात आहे. क्रेडिट हे एका कंपनीच्या एका विभागाच्या मर्जीवर असतं. विभाग बंद झाला, प्रमुख बदलला, की ते जातं. फ्रीडेस्कटॉपने त्यानंतर जर्मनीच्या हेट्झनर कंपनीकडे मशीन घेतली, आणि या वेळी मोफत मिळवण्याऐवजी परवडेल असं भाडं भरण्याचा मार्ग निवडला. मार्च २०२५ मध्ये सगळा बाडबिस्तरा हलवताना साइट काही दिवस बंद ठेवावी लागली.

घरमालक बदलला तर?

आज बहुतेक छोटे प्रकल्प स्वतःचा सर्व्हर ठेवतच नाहीत. ते गिटहबवर जातात. २००८ मध्ये सुरू झालेलं गिटहब मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये साडेसात अब्ज डॉलरना घेतलं. ओपन सोर्स प्रकल्पांसाठी ते मोफत आहे आणि सोयीचंही आहे. पण जुन्याजाणत्या प्रोग्रॅमरना यात थोडी धाकधूक वाटते, आणि त्याला कारणं आहेत.

गिटहबच्या आधी हा मान सोर्सफोर्जकडे होता. २००० च्या दशकात ओपन सोर्स डाउनलोड करायचं म्हणजे सोर्सफोर्जवर जायचं, असं समीकरण होतं. पुढे लोक दुसरीकडे गेले, उत्पन्न घटलं आणि मालकांनी डाउनलोडसोबत जाहिरातींची सॉफ्टवेअर चिकटवायला सुरुवात केली. मे २०१५ मध्ये कडेलोट झाला. फोटो संपादनाच्या गिम्प या प्रकल्पाने सोर्सफोर्जवरची विंडोज आवृत्ती सांभाळणं सोडून दिलं होतं. सोर्सफोर्जने ते खातं स्वतःच्या ताब्यात घेतलं आणि गिम्पच्या इन्स्टॉलरला नको असलेल्या सॉफ्टवेअरची ऑफर जोडली. नाव गिम्पचं, आत भलतंच. मोठा गदारोळ झाला. २०१६ मध्ये सोर्सफोर्ज नव्या मालकांकडे गेलं आणि त्यांनी आधी हा प्रकार बंद केला. पण गेलेला विश्वास पूर्वीसारखा परत आला नाही.

गुगलचंही असंच एक ठिकाण होतं, गुगल कोड. २००६ मध्ये सुरू झालं, जानेवारी २०१६ मध्ये बंद. गुगलने आगाऊ कल्पना दिली, सामान हलवायची साधनंही दिली. तरी ज्या प्रकल्पांचे कर्ते कधीच दुसऱ्या वाटेला लागले होते, त्यांचं सामान कोण हलवणार?

डॉकरचं प्रकरण ताजं आहे. मार्च २०२३ मध्ये कंपनीने मोफत संघ-खाती बंद करायची ठरवली आणि पैसे भरायला ३० दिवस दिले. ओपन सोर्स प्रकल्पांनी इतका आवाज उठवला की दहाच दिवसांत निर्णय मागे घ्यावा लागला.

कोड हरवतो का?

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. सर्व्हर बंद पडला म्हणजे कोड गेला, असं सहसा होत नाही. गिट या प्रणालीत प्रत्येक प्रोग्रॅमरच्या कॉम्प्युटरवर कोडची पूर्ण प्रत आणि त्याचा इतिहास असतो. २०११ मध्ये कर्नल डॉट ऑर्गचे सर्व्हर हॅक झाले आणि साइट कित्येक आठवडे बंद होती, तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी तात्पुरतं गिटहब गाठलं आणि कर्नलचं काम सुरू ठेवलं.

हरवतं ते बाकीचं सगळं. कुणी कोणती चूक कळवली, त्यावर काय चर्चा झाली, कोणता निर्णय का घेतला गेला, जुन्या आवृत्त्यांच्या तयार फाइली, आणि सर्वांना माहीत असलेला पत्ता. नवीन माणसाला 'इथे ये' असं सांगता आलं नाही तर स्वयंसेवकांचा प्रकल्प लवकर ओसरतो.

आणि कधीकधी कोडही जाता जाता वाचतो. २२ मार्च २०१३ रोजी केडीई या प्रकल्पाचा मुख्य गिट सर्व्हर सुरक्षा अपडेटसाठी बंद करून पुन्हा सुरू केला, तर आतली फाइल सिस्टिम बिघडलेली. जवळपास १,५०० रेपॉझिटरी त्यावर होत्या. जगभर मिरर आहेत, मग काळजी कसली, असं कुणालाही वाटेल. पण मिररचं कामच मुख्य सर्व्हरची हुबेहूब नक्कल करणं. त्यांनी बिघाडाचीही इमानेइतबारे नक्कल केली. मुख्य सर्व्हरवरच्या यादीत रेपॉझिटरी दिसेनात, तर मिररांनी आपल्याकडच्याही पुसून टाकल्या. नशिबाने एका सर्व्हरवर आधीची धडधाकट प्रत शिल्लक होती आणि तिच्यावरून सगळं परत उभं राहिलं. त्यानंतर केडीईने बॅकअपची पद्धत बदलली. मिरर आणि बॅकअप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीचा खर्च वेगळा करावा लागतो, हे अनेक प्रकल्पांना या घटनेने पहिल्यांदा नीट उमगलं.

नवं संकट, एआयचे क्रॉलर

गेल्या दोन-तीन वर्षांत या खर्चात नवी भर पडली आहे. एआय कंपन्यांना त्यांची मॉडेल शिकवायला मजकूर आणि कोड हवा असतो, आणि ओपन सोर्स साइटवर दोन्ही भरपूर. त्यामुळे आपोआप पानं गोळा करणारे क्रॉलर या साइटवर तुटून पडतात.

रीड द डॉक्स ही साइट सॉफ्टवेअरची माहितीपत्रकं मोफत ठेवते. जुलै २०२४ मध्ये तिने आकडेच जाहीर केले. मे महिन्यात एकाच क्रॉलरने ७३ टेराबाइट डेटा उतरवून घेतला होता, त्यातला जवळपास १० टेराबाइट एका दिवसात. त्याचं बिल ५,००० डॉलरहून अधिक. त्याच त्याच फाइली पुन्हा पुन्हा उतरवल्या जात होत्या. साइटने एआय क्रॉलर अडवले, तेव्हा रोजची डाउनलोड वाहतूक ८०० जीबीवरून २०० जीबीवर आली. म्हणजे चारातले तीन हिस्से माणसांसाठी नव्हतेच.

गनोम प्रकल्पाने २०२५ मध्ये आपल्या कोडच्या साइटपुढे अनुबिस नावाचा पहारेकरी बसवला. नाव इजिप्तच्या पुराणातल्या, मृतांचं हृदय तोलणाऱ्या देवाचं. साइट उघडण्याआधी तो ब्राउझरला एक छोटं गणित घालतो. माणसाला क्षणभर थांबावं लागतं, पण लाखो पानं खेचणाऱ्या क्रॉलरला ते परवडत नाही. गनोमच्या एका व्यवस्थापकाने दिलेल्या आकड्यांनुसार, अडीच तासांत सुमारे ८१ हजार विनंत्या आल्या आणि गणित पार करून पुढे गेल्या त्या फक्त ३ टक्के. अलीकडे एखादी लिनक्सची साइट उघडताना आधी ॲनिमेमधल्या मुलीचं चित्र दिसलं असेल, तर ती हीच पहारेकरीण.

भारतात काय परिस्थिती?

भारतीय वापरकर्त्याच्या जवळचे मिररही असेच चालतात. आयआयटी कानपूरच्या संगणक विभागाचा मिरर जुना आणि अनेकांच्या ओळखीचा आहे. मुंबईत वेब वर्क्स या डेटा सेंटर कंपनीचा मिरर आहे. जवळच्या मिररमुळे वापरकर्त्याला फाइल लवकर मिळते आणि दूरदेशीच्या मुख्य सर्व्हरवरचा भार कमी होतो. मिरर सांभाळणाऱ्याला याचे पैसे मिळत नाहीत.

आपल्याकडे खर्चाइतकाच दुसरा अडथळा ठरला तो सरकारी बंदीचा. डिसेंबर २०१४ मध्ये ३२ वेबसाइटवर बंदी आली. मुंबईच्या दहशतवादविरोधी पथकाच्या तपासातून आणि मुंबईतल्याच न्यायालयाच्या आदेशातून हे प्रकरण पुढे गेलं होतं. या साइटवर आयसिसशी संबंधित मजकूर असल्याचं कारण होतं. पण यादीत गिटहबची गिस्ट ही सेवा आणि सोर्सफोर्जही होतं. प्रोग्रॅमरची रोजची कामं अडली, ओरड झाली आणि टप्प्याटप्प्याने बंदी उठली. २०२२ मध्ये पाळी आली व्हीएलसीची. फेब्रुवारीपासून त्याची अधिकृत वेबसाइट भारतात अनेकांना उघडेना. ॲप प्ले स्टोअरवर होतं, साइट मात्र बंद. अधिकृत दार बंद झालं की लोक गुगलवर सापडेल त्या पानावरून डाउनलोड करतात, आणि तिथे काय मिळेल याचा भरवसा नसतो. व्हीएलसी बनवणाऱ्या व्हिडिओलॅनने इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीने ऑक्टोबरमध्ये सरकारला कायदेशीर नोटीस पाठवली. नोव्हेंबरमध्ये बंदी उठली.

पैशांच्या बाजूने एक भारतीय प्रयत्न उल्लेखनीय आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये बेंगळुरूच्या झिरोधा या ब्रोकिंग कंपनीने 'फ्लॉस फंड' सुरू केला. वर्षाला १० लाख डॉलर, एका प्रकल्पाला १०,००० ते १,००,००० डॉलर, आणि प्रकल्प जगातला कुठलाही चालेल. मुख्य म्हणजे हे क्रेडिट नाही, रोख रक्कम आहे. प्रकल्पाने ती सर्व्हरवर खर्च करायची की माणसावर, हे प्रकल्पच ठरवतो.

लॅबचं पुढे काय झालं?

ओरेगॉनचं निवेदन आल्यावर पूर्वी इथे शिकलेले विद्यार्थी, लॅबचे सर्व्हर वापरणारे प्रकल्प आणि काही कंपन्या धावून आल्या. मे महिन्यातच गरजेपुरता निधी जमला आणि लॅब वाचली. पण ही सोय साधारण वर्षभराची होती. दरवर्षी पुरेल असं उत्पन्न कुठून आणायचं, यावर अल्बर्टसन यांना त्यानंतर लगेच कामाला लागावं लागलं.

त्यानंतर चार महिन्यांनी, २३ सप्टेंबर २०२५ रोजी, पॅकेज पुरवणाऱ्या मोठ्या संस्थांनी एकत्र येऊन एक खुलं पत्र काढलं. त्यात पायथन, रस्ट, जावा, पीएचपी या भाषांची पॅकेजं सांभाळणाऱ्या संस्था होत्या. मोफत यंत्रणा खरं तर मोफत नसते, तिचा भार मोजक्या दात्यांवर आहे आणि सर्वाधिक वापर मोठ्या कंपन्यांचा आहे, असं त्यांचं म्हणणं. जावाची पॅकेजं देणाऱ्या मेव्हन सेंट्रलने त्याआधीच दाखवून दिलं होतं की त्यांची ८० टक्क्यांहून अधिक बँडविड्थ केवळ १ टक्का आयपी पत्ते खातात. यातले बरेचसे पत्ते कंपन्यांच्या स्वयंचलित यंत्रणांचे, ज्या तीच फाइल स्वतःकडे साठवून ठेवण्याऐवजी दिवसातून हजारदा नव्याने मागवतात.

पत्रात कुणाचं नाव घेतलेलं नाही. मागणी मात्र स्पष्ट आहे. एकट्यादुकट्या प्रोग्रॅमरसाठी, विद्यार्थ्यांसाठी आणि छोट्या प्रकल्पांसाठी सेवा मोफतच राहील. जे व्यावसायिक पातळीवर प्रचंड वापर करतात, त्यांनी वापराच्या प्रमाणात पैसे भरावेत.